दुसऱ्या माणसाची चाहूल

आलेखातली रेषा वर चालली होती आणि खोलीतल्या सगळ्यांना बरं वाटत होतं. मलाही वाटायला हवं होतं. पण आईची तेरवी उरकून मी आदल्याच दिवशी नागपूरला परतले होते, आणि चांगली बातमी कशी ऐकायची असते हे विसरल्यासारखं झालं होतं.

सलील पडद्यासमोर उभा राहून सांगत होता की ज्या गावांत ‘चाहूल’ बसवली, तिथली एकटी राहणारी वृद्ध माणसं पहिल्यापेक्षा जास्त चालू लागली आहेत. औषध नाही, व्यायाम नाही. नुसतं यंत्र बसवलं आणि माणसं हिंडती-फिरती झाली. समाजकल्याण खात्याच्या टिपणात यासाठी ‘स्वावलंबनात वाढ’ असा शब्द होता. पडद्याच्या कोपऱ्यात गावांची नावं होती. त्यात परतवाडा होतं.

परतवाड्यात माझी आई राहायची.

आमची समिती छाननी करते. म्हणजे सामाजिक लाभांचे नियम सरकारला बदलायचे असतील, तर मसुदा आधी आमच्याकडे पाठवावा लागतो. आम्ही पाच जण, कुणीच सरकारी नोकरीत नाही. नियम रोखण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण आमचा अभिप्राय विधिमंडळासमोर ठेवावा लागतो आणि तो मानला नाही, तर का मानला नाही हे सरकारला लेखी सांगावं लागतं. लेखी कारणं द्यायचा सरकारला जो कंटाळा असतो, तीच आपली ताकद, असं आमचे अध्यक्ष न्यायमूर्ती खानझोडे म्हणत. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, म्हणून मला त्यात घेतलं होतं.

या वेळचा मसुदा सोबत भत्त्याचा होता. एकट्या राहणाऱ्या, हातपाय थकलेल्या माणसाला मदतीला बाई ठेवता यावी म्हणून हा भत्ता. आजवर तो डॉक्टरच्या दाखल्यावर मिळायचा. त्यासाठी म्हाताऱ्यांना रिक्षात घालून तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं, रांगेत बसवायचं आणि ‘किती थकलात ते दाखवा’ म्हणायचं. काही जण दाखवण्यासाठी लंगडायचे. माझ्या आईनं उलटं केलं होतं. खळ घातलेलं पातळ नेसून, कुणाचा हात न धरता ती डॉक्टरसमोर जाऊन उभी राहिली. परक्या माणसापुढे वाकून उभं राहायचं, हे तिला जमण्यासारखं नव्हतं. डॉक्टरनं लिहिलं, सक्षम. घरी आल्यावर ती दोन दिवस अंथरुणातून उठली नाही.

म्हणून चाहूल आली तेव्हा मला ती मनापासून पटली होती. घरात वाय-फायच्या लहरी असतातच. त्या भिंतींवर, कपाटांवर आणि माणसांवर आपटून परत फिरतात. माणसाचं शरीर बहुतांशी पाणी असतं आणि पाणी या लहरी शोषतं, वळवतं. त्यामुळे माणूस हलला की खोलीभर पसरलेल्या लहरींची बसलेली घडी मोडते. ती कशी मोडली, हे चाहूलची हातात मावेल एवढी डबी टिपते. तिला कॅमेरा नाही, माईक नाही. पण पावलांचा ठेका, खुर्चीतून उठायला लागणारा वेळ, श्वासाची लय तिला कळते. प्रत्येकाचा ठेका वेगळा असतो, म्हणून घरात दुसरं माणूस आलं की तेही कळतं. कोण आलं ते नाही. आलं, इथे थांबलं, गेलं, एवढंच. थकलेल्या माणसाला कुणापुढे थकून दाखवावं लागत नाही. आईला भत्ता सुरू झाला तो चाहूलमुळेच.

यातून दोन गोष्टी मोजल्या जात. माणूस स्वतःहून किती हालचाल करतो आणि त्याला आयती मदत किती मिळते. भत्त्यातून ठेवलेल्या बाईची वेळ तेवढी त्यातून वगळलेली असे. दोन्ही वजा जाऊन जी उरते ती गरज, आणि गरजेप्रमाणे भत्ता. काही गावांत खात्यानं वर्षभर हा प्रयोग करून पाहिला होता. आता राज्यभर करायचा होता. मसुद्यात अकरावं कलम होतं: मिळणारी मदत कुणी लपवली तर त्याचा भत्ता कायमचा बंद.

बैठक संपल्यावर सलील माझ्यापाशी आला. डॉ. सलील घरोटे, चाहूल बनवणारा. शिकायला होतो तेव्हा आम्ही एका बाकावर बसायचो. सुट्टीत तो आमच्या घरी यायचा आणि आईच्या हातचे सरगुंडे वाट्यांवर वाट्या खायचा. तेरवीला त्याला येता आलं नव्हतं.

“नावानं बघायची परवानगी नाही,” तो हळू आवाजात म्हणाला, “पण मी काकूंचं बघितलं. तुला सांगावंसं वाटलं. शेवटच्या काही महिन्यांत त्यांचं चालणं खूप सुधारलं होतं गं. शेवटपर्यंत चालत्याफिरत्या होत्या.”

तो मला धीर द्यायला बोलत होता, म्हणून मी मान हलवली. आईला स्वयंपाकघरातून न्हाणीपर्यंत जायला भिंत लागायची.

*

त्या शनिवारी मी घर आवरायला परतवाड्याला गेले. जून लागला होता तरी ऊन मे महिन्याचंच होतं.

आईचा शिवणक्लास होता. कॉलनीतल्या निम्म्या बायका तिच्याकडे परकर शिवायला शिकलेल्या. त्या घराला दार आहे हे मला लहानपणी ठाऊकच नव्हतं, इतकी सतत कुणी ना कुणी आत-बाहेर करत असे. उन्हाळ्यात सगळ्या आळीच्या कुरड्या आमच्या गच्चीवर पडायच्या. गेल्या वर्षभरात मात्र मी जेव्हा जेव्हा आले, घरात आई एकटी असायची. विचारलं की म्हणायची, ज्याला त्याला आपापली कामं आहेत. कुरड्याही दुसऱ्या कुणाच्या गच्चीवर गेल्या. आंघोळ घालायला येणारी मंदा सुट्टीवर गेली आहे असं आई सांगत होती. भत्ता निम्म्यावर आला म्हणून मंदाला सोडावं लागलं होतं, हे मला तेरवीच्या आदल्या दिवशी कळलं.

आणि तेरवीला शेजारची झाडून सगळी माणसं आली, पण फाटकाबाहेर उभी राहिली. माझा भाऊ उन्मेष पुण्याहून आला होता. त्यानं आग्रह केला तरी कुणी आत येईना. शेवटी त्यानं पानं बाहेर ओट्याखाली मांडली. “माणसं बदलली,” एवढंच तो म्हणाला. तो राग मी नागपूरला घेऊन गेले होते.

दुपार कलताना फाटकावरून आवाज आला. समोरच्या बेबीताई तायडे. सत्तरी ओलांडलेली विधवा बाई, आईची जन्माची मैत्रीण. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती आणि त्यांनाही हाच भत्ता होता. त्यातून ठेवलेली मुलगी येऊन स्वयंपाक करून जायची. आमच्या फाटकापर्यंत त्या कुंपणाच्या भिंतीला हात लावत यायच्या.

“केतकी, आहेस का वो आत?”

मी दारात जाऊन म्हणाले, या ना. की आता माझ्याही घरात यायचं नाही?

टोमणा त्यांना कळला. पण त्यांनी विचारलं ते भलतंच. “ते डबी काढली का भिंतीवरची?”

मी म्हटलं, आई गेली तेव्हाच खात्यानं ती बंद केली.

“बंद केली म्हनतात. आनून दाखव.”

मी आत जाऊन डबी भिंतीवरून उपसली आणि त्यांच्या हातात नेऊन दिली. त्यांनी ती बोटांनी चाचपली, वायर कुठे लोंबते ते पाहिलं, कानाशी नेली. मग ती खाली मातीत ठेवली आणि आत आल्या. खुर्ची ओढली तर म्हणाल्या राहू दे, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, आई बसायची त्या जागेसमोर, फरशीवर बसल्या.

“तुले वाटलं असन, आमी तिले टाकलं.”

वाटलं, मी म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. चाहूल बसल्यावर त्यांची भाची महिनाभर राहायला आली होती. पुढच्या वेळी त्यांचा भत्ता उतरला. त्या खात्याच्या कचेरीत विचारायला गेल्या, तर तिथला माणूस म्हणाला, आजी, तुमच्या घरात माणसांचा वावर आहे, तुम्हाला आता काय गरज? त्या तशाच परतल्या आणि घरोघर सांगून आल्या: ज्याच्या घरी ही डबी आहे, त्याच्या घरात पाय टाकायचा नाही. आपण दोन घटका बसायला जाऊ आणि त्या बिचारीची बाई सुटेल. तेरवीलाही डबी भिंतीवर होतीच, आणि ती बंद झाल्याची कुणाला खात्री नव्हती.

“मीच सांगतलं सगळ्याईले. कुंदाताईले, तुह्या मायले, पटलं नव्हतं बरं. मले म्हने, बेबी, हे लबाडी झाली. मी म्हनलं, मंग आंघोळ कोन घालन तुले? तुही पोरगी तं नागपूरले. तवा गप झाली.”

मी विचारलं, मग वर्षभर तुम्ही बोललाच नाहीत एकमेकींशी?

“न बोलून कसं होईन वो माय? फाटकावरून आवाज देत होतो. ती यायची ना बाहेर. भित धरून ओट्यावर, पायरी उतरून फाटकापाशी. तिथं उभ्या उभ्या बोलत होतो.”

“दिवसातून किती वेळा?”

“आता ते कोन मोजते? सकाळी दूधवाली आवाज दे, मंग मी, मंग मांडवगडेची सून. संध्याकाळी सगळ्याच. एकटी पडू नये म्हनून ठरवूनच देत होतो आवाज. कोनी ना कोनी.”

तो वर चढत गेलेला आलेख मला आता नीट वाचता येत होता. या बायकांनी माझ्या आईला टाकलं नव्हतं. तिचा भत्ता राहावा म्हणून त्या बाहेर थांबल्या होत्या, आणि त्या बाहेर थांबल्या म्हणून तिला उठून चालावं लागत होतं. डबीनं ते चालणं मोजलं. चालते म्हणजे गरज कमी. भत्ता निम्म्यावर आला तो मदत मिळते म्हणून नव्हे, ती सुधारली म्हणून. आणि भत्ता उतरला तसं, बेबीताई म्हणाल्या, बायकांना वाटलं, आपलंच काही चुकतंय, कुणीतरी आत जात असणार. मग त्यांनी अंगणात येणंही बंद केलं.

शेवटच्या दिवसाचं त्यांनी मी न विचारताच सांगितलं. भर उन्हात त्यांनी आईसाठी ताकाची बरणी आणली, फाटकाच्या खांबावर ठेवली, आवाज दिला आणि घरी गेल्या. तो रोजचाच रिवाज होता. आई बाहेर आली आणि पायरीवरून पडली. मे महिन्यात दुपारी आमच्याकडे सगळी दारं लावलेली असतात, आत कूलरची घरघर. कुणाला काही ऐकू गेलं नाही. उन्हं उतरल्यावर दूधवालीनं पाहिलं. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टरनं ऊन लागलं असं लिहिलं.

“मले दिसतं कुठं,” बेबीताई म्हणाल्या. “दिसलं असतं तं माघारी वळून पाह्यलं असतं.”

*

सोमवारी मी सलीलच्या प्रयोगशाळेत गेले आणि म्हटलं, तुझ्याकडे पावलं आहेत, ती कुठे जातात ते दाखव.

त्यानं विचारलं, म्हणजे? मी म्हटलं, वाढलेली पावलं. घरात कुठून कुठे जातात?

तो म्हणाला, दिशा साठवलेली आहे, पण ती काढून पाहायची वेळ आली नाही. नियमाला बेरीज लागते. मी म्हटलं, मग आता काढ.

त्याला फार वेळ लागला नाही. एकेका घराचा नकाशा पडद्यावर आला आणि त्यावर चालण्याच्या वाटा उमटल्या. अंबाजोगाई, चिखली, परतवाडा, गाव कुठलंही असो, चित्र एकच होतं. आतल्या खोल्यांतलं चालणं कमी झालं होतं. स्वयंपाकघर ओस, मागचं दार ओस. आणि एक वाट जाड होत गेली होती: बाजेपासून पुढच्या दारापर्यंत. तिथे काही वेळ उभं राहणं किंवा दिसेनासं होणं, मग परत.

त्याच पडद्यावर दुसऱ्या माणसाचा वावर निळ्या रंगात होता. सुरुवातीला सगळी घरं निळी होती. मग एकेका गल्लीत, एका घरापासून सुरू होऊन, निळा रंग विझत गेला होता.

मी आईचं घर काढायला सांगितलं. शेवटच्या दुपारी चाहूलनं लिहिलं होतं: घराबाहेर. वर्षभरात ती इतका वेळ कधीच बाहेर राहिली नव्हती. त्या दिवशीचे तिचे हालचालीचे गुण सगळ्यांत चांगले होते.

त्यानं पडदा बंद केला.

“पुढच्या आवृत्तीत अंगणापर्यंत पोचवता येईल,” तो म्हणाला. “फाटकावर एक डबी लावली तर—”

“मग त्या रस्त्याच्या पलीकडून आवाज देतील, सलील.”

त्यानं डोळे चोळले. तो वाईट माणूस नाही. त्याची आजी दवाखान्याच्या रांगेत चक्कर येऊन पडली होती, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे यंत्र होतं. तो म्हणाला, सुनावणीत मला कुणी विचारलं तर मी हे सगळं दाखवेन, लपवणार नाही. चाहूल मोडीत निघेल, निघू दे. पण तू अकरावं कलम वाचलंस ना? बायका आत यायच्या थांबल्या हे सिद्ध झालं की त्याला मदत लपवणं म्हणतील. प्रयोगाच्या करारातही तेच कलम आहे. कुणी पढवलं ते विचारतील, आणि पढवणारी सापडली तर तिचा भत्ता पहिल्यांदा जाईल.

न्यायमूर्ती खानझोडेंनी माझं सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चष्मा टेबलावर होता आणि त्याविना त्यांचे डोळे फार म्हातारे दिसत होते. ते म्हणाले, स्वतःच्या घरचं प्रकरण घेऊन सदस्याला मत देता येत नाही. गप्प बसलात तर मत देऊ शकता. बोलायचं असेल तर राजीनामा देऊन, नागरिक म्हणून सुनावणीत या. दोघे सदस्य उघडपणे मसुद्याच्या बाजूचे आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

“तुमचं मत काय आहे, सर?”

“मी ऐकल्याशिवाय मत बनवत नाही. या वयात तेवढीच एक सवय धड उरली आहे.”

मी राजीनामा लिहून दिला. उन्मेषला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, तू काय वाटेल ते कर, आईला फक्त त्यात ओढू नकोस. तिला शांतपणे जाऊ दे. बेबीताईंनी मात्र ऐकून लगेच सांगितलं की माझंच नाव घे, मीच शिकवलं सगळ्याईले, पोरीबाळींवर येऊ नको देऊ. मी विचारलं, भत्ता गेला तर गॅस कोण पेटवेल तुमचा? त्या म्हणाल्या, पाहू. मग थांबून म्हणाल्या, मागं एकदा पदर पेटला होता, कुंदाताईनंच विझवला.

*

सुनावणीला गर्दी नव्हती. नियमांच्या सुनावण्यांना गर्दी नसतेच. ज्या टेबलाच्या पलीकडे मी बसायचे, त्याच्या अलीकडे खुर्ची ठेवली होती. बसताना हात आपोआप कागद नीट करायला पुढे गेले. समोर कागद नव्हते.

मी वर्षभराचं सांगितलं. आवाज देणं, भिंत धरून चालणं, गुण वाढणं, भत्ता उतरणं, पायरी. शिकवताना सांगते तसं सांगितलं, एकापुढे एक. मग सलीलला बोलावलं आणि त्यानं नकाशे दाखवले. कुणी विचारायच्या आतच त्यानं सांगून टाकलं की ‘स्वावलंबनात वाढ’ हा निष्कर्ष चुकीचा होता आणि तो त्याचा होता. मसुद्याच्या बाजूच्या एका सदस्यानं पेन खाली ठेवलं.

दुसरे सदस्य श्री. पाठराबे. अनेक वर्षं ते सहकार खात्यात लेखापरीक्षण करत होते. माणूस कष्टाळू आणि सभ्य. ते म्हणाले, ताई, तुमच्या दुःखाचा मान ठेवून विचारतो. एक अख्खी आळी आपोआप आत यायची थांबत नाही. इथे मदत लपवली गेली आहे, हे तुम्हीच आत्ता सिद्ध केलंत. हे परतवाड्यात कुणी सुरू केलं?

मी म्हणाले, त्यानं काय फरक पडतो? सगळ्या गावांत हेच झालं.

“फरक पडतो. प्रत्येक गावात कुणीतरी सुरू केलं असेल. तुम्हाला एकाच गावातलं माहीत आहे. नाव नसेल तर ही नुसती ऐकीव गोष्ट होते, आणि मी ती अभिप्रायात घालू देणार नाही.”

त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. मीही त्यांच्या जागी असते तर हेच विचारलं असतं. खात्याचा विधी अधिकारी वही उघडून बसला होता. न्यायमूर्ती माझ्याकडे पाहत होते. उरलेल्या चौघांत आता दोन्हीकडे एकेक मत होतं, न्यायमूर्तींचं ठरायचं होतं आणि पेन खाली ठेवणारे साशंक झाले होते; साशंक माणूस पुराव्यावर वळतो.

मी आईचा विचार केला असं म्हणता येणार नाही. मला बेबीताईंची बोटं दिसली, डबी चाचपणारी.

“माझ्या आईनं,” मी म्हणाले. “तिनंच शेजारणींना आत येऊ नका म्हणून सांगितलं. भत्ता जाऊ नये म्हणून.”

“नाव?”

“कुंदा देऊळकर.”

विधी अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. सलीलनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. परतवाड्यात निळा रंग कुठल्या घरापासून विझत गेला, हे त्यानं पाहिलेलं होतं. आईचं घर विझलं ते अगदी शेवटी. त्याचा हात पडद्याच्या बटणावर होता. त्यानं पडदा बंद केला आणि वायर गुंडाळायला घेतली.

“त्या आता हयात नाहीत,” न्यायमूर्ती म्हणाले, “म्हणजे अकराव्या कलमाखाली काही करता येणार नाही. पाठराबे, झालं समाधान?”

पाठराबे म्हणाले, झालं. आणि खरंच झालं असावं, कारण अभिप्रायाला त्यांनी विरोध केला नाही.

*

मसुदा मागे घेतला गेला. रद्द नव्हे, ‘पुनर्विचारासाठी’. पुढे नवा येईल, नव्या यंत्रासह येईल, आणि तो वाचायला त्या टेबलापलीकडे मी नसेन. तोवर डब्या बंद आणि सगळ्यांना जुनाच, पूर्ण भत्ता. डॉक्टरच्या दाखल्याची रांग पुन्हा सुरू झाली, हेही खरं. सलीलचा फोन येतो. तो कामाबद्दल बोलत नाही आणि मी विचारत नाही.

अभिप्राय छापून आला. त्यात एक परिच्छेद असा आहे: ‘लाभार्थी कुंदा देऊळकर (मृत) यांनी भत्ता टिकवण्याच्या हेतूने शेजाऱ्यांना मदत लपवण्यास पढवले, असे त्यांच्या कन्येनेच समितीसमोर सांगितले.’ उन्मेषनं तो परिच्छेद मला पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

घराच्या किल्ल्या नव्या मालकाला द्यायला मी पुन्हा परतवाड्याला गेले. काम आटोपून समोर बेबीताईंकडे गेले. दार उघडं होतं. आत मांडवगडेंची सून शेंगा सोलत बसली होती. मला पाहून ती उठली आणि चहा ठेवते म्हणत आत गेली. बेबीताईंना स्वयंपाकाच्या मुलीनं सगळा अभिप्राय वाचून दाखवला होता. त्या माझ्याकडे तोंड करून बसल्या नाहीत.

“कुंदाताई लबाडी म्हने त्याले,” त्या म्हणाल्या. “एकटी तीच म्हने. अन् तू तिलेच लबाड केलं. सरकारी कागदात.”

“हो.”

“मले विचारलं असतं तं मी नाई म्हनलं असतं.”

“म्हणूनच नाही विचारलं.”

त्यांनी शेंगांच्या टोपलीत हात घातला, एक शेंग फोडली, दाणे तसेच मुठीत ठेवले. आत गॅसच्या बाजूला कपांचा आवाज होत होता. पाठराबेंना खरं नाव सांगितलं असतं, तर गॅस पेटवायला स्वयंपाकाची मुलगी येत राहिली असती की नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

“माफी मागतली का तिची?”

“मागितली.”

“मंग? काय म्हनली?”

“काही नाही. राग आला की ती अबोलाच धरायची, बेबीताई. तुम्हाला माहीत आहे.”

“हाव. मले एकदा चार दिवस बोलली नव्हती. ब्लाऊजचं माप चुकवलं म्हनून.” त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. मग त्यांनी टोपली चाचपडत माझ्याकडे सरकवली आणि बाजूला जागा केली.

“मंग बस इथं,” त्या म्हणाल्या. “बोलन ती. घाई काय आहे?”